आरशावरचा लेप आणि त्याची परीक्षा

पावसाळा सुरू झाला म्हणजे आमच्या वीर गांवाजवळून जाणाऱ्या महामार्गावर ठिकठिकाणीं पाण्याचीं डबकीं सांचतात. आणि जाणाऱ्या-येणाऱ्या मोटारींतून गळलेला तेलाचा एखादा थेंब त्यांवर पसरला, कीं तांबडा, पिंवळा, हिरवा, जांभळा असे नाना रंग त्या गढूळ पाण्यावर खेळूं लागतात. तेलाला स्वतःचे हे रंग नाहींत. पाण्याला तर नाहींतच. मग ते आले कोठून? मुलांनीं हा प्रश्न विचारला म्हणजे वडील माणसें "ते तेलाचे रंग" असें म्हणून पुढें चालूं लागतात. परंतु या क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतूनच प्रकाशविज्ञानाची एक मोठी शाखा निघाली आहे, आणि त्या शाखेच्या अगदीं टोंकाला चाललेल्या संशोधनाचा संबंध आपल्याच महाराष्ट्रांत, हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें, उभारावयाच्या एका प्रचंड यंत्राशीं आहे. तो संबंध कसा, हें प्रस्तुत लेखांत यथामति सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रकाश तरंगरूप आहे ही गोष्ट वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. सावित्रीच्या पात्रांत दोन होड्या शेजारून गेल्या असतां त्यांच्या लाटा एकमेकींत मिसळतात. जेथें एकीचा उंचवटा दुसरीच्या उंचवट्यावर येतो तेथें पाणी अधिक उसळतें. जेथें एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यांत पडतो तेथें पाणी जवळजवळ स्थिर राहतें. प्रकाशाचेंही तसेंच आहे. तेलाच्या पातळ थरावर सूर्यप्रकाश पडला म्हणजे त्याचा कांहीं भाग थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो, आणि कांहीं भाग आंत शिरून खालच्या पृष्ठावरून परततो. हे दोन्ही भाग बरोबरच आपल्या डोळ्यांत येतात. परंतु दुसऱ्याला थोडी अधिक वाट चालावी लागलेली असते. ती वाट किती अधिक, हें थराच्या जाडीवर अवलंबून असतें. तिच्यामुळें एखाद्या रंगाचे तरंग जुळतात व तो रंग बळावतो. दुसऱ्या रंगाचे जुळत नाहींत व तो मावळतो. या क्रियेला व्यतीकरण असें नांव आहे. थराची जाडी जागोजाग निराळी, म्हणून रंगही जागोजाग निराळे दिसतात.

कारागिरांनीं या क्रियेकडून दोन परस्परविरुद्ध कामें करून घेतलीं आहेत. पहिलें काम म्हणजे कांचेवरून परत फिरणारा प्रकाश नाहींसा करणें. साध्या कांचेवर प्रकाश सरळ पडला, तर प्रत्येक पृष्ठावरून शेंकडा सुमारें ४ भाग परत फिरतो. रात्रीं दिवा लावून बंद खिडकीपुढें उभें राहिलें असतां आपलें तोंड कांचेंत दिसतें, तें याच चार भागांमुळें. खिडकीच्या बाबतींत त्याचें कांहीं बिघडत नाहीं. परंतु छायाचित्राच्या यंत्रांत पांच भिंगें असलीं तर दहा पृष्ठें झालीं, आणि दहा पृष्ठें ओलांडतां ओलांडतां सुमारें एक तृतीयांश प्रकाश वाटेंतच हरवतो. १९३५ सालीं जर्मनींतील झाइस कारखान्यांतील शास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनीं भिंगावर योग्य जाडीचा पातळ लेप चढवून हा तोटा कमी करण्याची रीत सिद्ध केली. आमच्या पालकवर्गापैकीं पुष्कळांच्या चष्म्याच्या कांचा उजेडांत तिरप्या धरल्या तर त्यांवर हिरवट किंवा जांभळट झांक दिसते. ती अशाच लेपाची होय.

दुसरें काम याच्या अगदीं उलट. दोन निरनिराळे पदार्थ घ्यावयाचे: एकांत प्रकाशाची गति अधिक मंदावणारी, दुसऱ्यांत कमी. त्यांचे थर आळीपाळीनें एकावर एक चढवावयाचे, आणि प्रत्येक थराची जाडी त्या पदार्थांतील प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चतुर्थांशाइतकी ठेवावयाची. असें केलें म्हणजे प्रत्येक सीमेवरून परतणारे तरंग एकमेकांशीं बरोबर जुळतात. एकेका सीमेवरून थोडाथोडाच प्रकाश परतत असला, तरी सर्व सीमा मिळून जवळजवळ सगळा प्रकाश मागें फिरवितात. घरांतील आरशाच्या पाठीवर चांदीचा किंवा ॲल्युमिनियमचा मुलामा असतो; तो प्रकाशाचा शेंकडा कांहीं भाग गिळून टाकतो. थरांच्या आरशांत हा गिळला जाणारा भाग दहा लक्षांत एकाहूनही कमी करतां येतो.

एवढा निर्दोष आरसा कोणाला हवा असतो, असें वाचक विचारतील. त्याचें उत्तर औंढ्यास आहे. आइन्स्टाइन यांनीं १९१६ सालीं गणितानें असें दाखविलें होतें, कीं मोठमोठीं वस्तुमानें वेगानें एकमेकांभोंवतीं फिरूं लागलीं म्हणजे अवकाशांतच लहरी उठतात, आणि त्या प्रकाशाच्या वेगानें विश्वभर पसरतात. या गुरुत्वीय लहरी इतक्या क्षीण, कीं त्या प्रत्यक्ष टिपण्यास जवळजवळ शंभर वर्षें लागलीं. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं अमेरिकेंतील हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथील लायगो नांवाच्या दोन यंत्रांनीं पहिली लहर टिपली. ती सुमारें १३० कोटी प्रकाशवर्षें दूर असलेल्या दोन कृष्णविवरांच्या मीलनांतून निघाली होती. या कार्याबद्दल राइनर वाइस, बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांस २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

हें यंत्र म्हणजे काटकोनांत मांडलेल्या दोन पोकळ नळ्या. प्रत्येकीची लांबी ४ किलोमीटर. नळ्यांतील सर्व हवा काढून टाकलेली असते. एकाच लेसर किरणाचे दोन भाग करून ते या नळ्यांतून पाठवितात. दोन्ही टोंकांच्या आरशांवरून ते परततात व पुन्हां एकत्र येतात. गुरुत्वीय लहर आली म्हणजे एक भुजा किंचित् लांबते व दुसरी आंखडते, आणि परतलेल्या तरंगांची जुळणी बिघडते. डबक्यावरील तेलांत जें व्यतीकरण आपण पाहिलें, तेंच येथें मोजपट्टीचें काम करितें. २०१५ च्या त्या लहरीमुळें भुजांच्या लांबींत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारें चारशेव्या हिश्श्याइतका होता. चार किलोमीटर लांबींत एवढा सूक्ष्म फरक!

या कार्यांत आपल्या लोकांचा भाग लहान नाहीं. जयंत नारळीकर यांनीं नांवारूपास आणिलेल्या पुण्याच्या आयुका या संस्थेंतील प्राध्यापक संजीव धुरंधर यांनीं बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. गोंगाटांत दडलेली लहर तिच्या अपेक्षित आकृतीशीं ताडून कशी ओळखावी, याचा विचार त्यांत होता. पहिल्या लहरीची घोषणा ११ फेब्रुवारी २०१६ रोजीं झाली, आणि त्यानंतर सहाच दिवसांनीं भारत सरकारनें आपल्या देशांत असें यंत्र उभारण्यास तत्त्वतः मान्यता दिली. एप्रिल २०२३ मध्यें सुमारें २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास अंतिम मंजुरी मिळाली. पुण्याची आयुका, इंदूरचें राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था इत्यादि संस्था या कामीं एकत्र आल्या आहेत. नागनाथाच्या पुरातन देवालयामुळें महाराष्ट्रभर ठाऊक असलेलें औंढा हें ठिकाण निवडण्याचें एक मुख्य कारण असें, कीं तेथील भूमि शांत आहे.

भूमि शांत असण्याचें एवढें महत्त्व कां, हें वीरच्या रहिवाशांस सांगावयास नको. १९९३ सालीं रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा भाग सुरू झाला. तेव्हांपासून मालगाडी धडधडत गेली म्हणजे स्थानकाजवळच्या घरांत तांब्यांतलें पाणी कसें थरथरतें, हें येथील लहान मूलही जाणतें. प्रोटॉनच्या अंशाइतकें अंतर मोजणाऱ्या यंत्राला अशी थरथर म्हणजे प्रलयच होय. यासाठीं लायगोचे आरसे जमिनीवर ठेवीत नाहींत. एकाखालीं एक अशा चार लंबकांच्या मालिकेंत, शेवटीं कांचेच्याच बारीक तंतूंनीं, ते टांगलेले असतात. आरसा म्हणजे अत्यंत शुद्ध सिलिकेचा, ४० किलोग्रॅम वजनाचा व ३४ सेंटीमीटर व्यासाचा ठोकळा. जमिनीचा कंप लंबकांच्या मालिकेंत जिरत जिरत जातो, आणि आरशापर्यंत जवळजवळ कांहींच पोंचत नाहीं.

परंतु बाहेरचा गोंगाट असा अडविला, तरी आंतला गोंगाट उरतोच. आणि आमच्या विषयाचें मर्म येथेंच आहे. कोणत्याही पदार्थाचे परमाणु उष्णतेमुळें अखंड कांपत असतात. आरशाचे परमाणूही कांपतात, व त्यामुळें त्याचें पृष्ठ अत्यल्प प्रमाणांत पुढें-मागें होत राहतें. हा कंप लंबकानें अडत नाहीं, पोकळीनें अडत नाहीं. कारण तो बाहेरून येत नाहीं. त्याला आवर घालावयाचा तर दोनच मार्ग: आरसा अतिशय थंड करणें, किंवा आरशाचें द्रव्यच बदलणें.

द्रव्यावर हा कंप कसा अवलंबून असतो, हें समजण्यास महाडच्या बाजारांतील माठांचें उदाहरण पुरे आहे. माठ विकत घेतांना आपण तो बोटाच्या पेरानें वाजवून पाहतों. चांगला भाजलेला माठ टणटणतो व त्याचा नाद क्षणभर टिकतो. तडा गेलेला माठ बद्द वाजतो व लगेच गप्प होतो. बद्द वाजणाऱ्या माठांत ठोक्याची ऊर्जा आंतल्याआंत घासाघाशींत नाहींशी होते. या गोष्टीला आपण ऊर्जाक्षय म्हणूं. १९५१ सालीं कॅलन व वेल्टन या शास्त्रज्ञांनीं एक व्यापक नियम सिद्ध केला. त्याचा आशय असा, कीं ज्या पदार्थांत ऊर्जाक्षय अधिक, त्याचा उष्णताजन्य कंपही सर्व सुरांत अधिक पसरलेला असतो. घंटेप्रमाणें दीर्घकाळ नादणाऱ्या पदार्थाचा कंप त्याच्या स्वतःच्या ठराविक सुरांपाशीं एकवटतो, आणि मधल्या सुरांत तो पदार्थ शांत राहतो. बद्द वाजणारा पदार्थ मात्र सगळीकडेच कुजबुजत असतो. म्हणजे ठोका मारल्यावर जो पदार्थ उत्तम नादतो, तोच ठोका न मारतां उत्तम मौन पाळतो!

आतां आरशाकडे वळूं. सिलिकेचा ठोकळा फारच उत्तम नादतो. त्याच्याविषयीं तक्रार नाहीं. तक्रार आहे ती त्याच्यावरील लेपाविषयीं. हा लेप सिलिका आणि टँटलम धातूचा ऑक्साइड या दोन द्रव्यांच्या थरांचा असतो. लायगोचा लेसर १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणून ढोबळमानानें सिलिकेचा एक थर १८० नॅनोमीटरांचा व टँटलम ऑक्साइडचा १३० नॅनोमीटरांचा पडतो. भुजेच्या टोंकाकडील आरशावर असे तीस-चाळीस थर असतात, तरी सर्व मिळून जाडी माणसाच्या केसाच्या दशांशाच्या आसपासच भरते. फ्रान्समधील लिआँ येथील प्रयोगशाळेंत निर्वात पेटींत आयनांचा झोत द्रव्यावर मारून, उडालेले परमाणु कांचेवर बसवून, हे थर चढविले गेले. प्रकाश परत फिरविण्यांत या लेपाची बरोबरी करणारा दुसरा मिळणें कठीण. परंतु त्याचा ऊर्जाक्षय खालच्या ठोकळ्याच्या हजारों पट आहे. चाळीस किलोग्रॅमचा ठोकळा शांत, आणि त्याच्या अंगावरचें केसाच्या दशांशाएवढें वस्त्र मात्र कुजबुजणारें, असा हा प्रकार! शिवाय लेसरचा किरण नेमका त्या वस्त्रावरच आपटतो. त्यांतून ही कुजबूज शंभर हर्ट्झच्या आसपासच्या सुरांत सर्वांत अधिक नडते. आणि २०१५ ची ती पहिली लहर ३५ पासून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती. जेथें ऐकावयाचें, तेथेंच गोंगाट.

लेप बद्द कां वाजतो? स्फटिकांत परमाणु कवाईतींतील मुलांप्रमाणें रांगेंत उभे असतात. कांचेसारख्या पदार्थांत ते जत्रेंतील गर्दीसारखे असतात. लेप कांचेसारखाच ठेवावा लागतो, कारण त्यांत स्फटिकांचे कण धरले तर प्रकाश इतस्ततः विखुरतो. गर्दींत जसें एखाद्याला दोन जागा सारख्याच सोयीच्या वाटाव्या व त्यानें एकदां इकडे, एकदां तिकडे सरकावें, तसे कांचेंतील परमाणूंचे लहान लहान गट दोन मांडण्यांमध्यें चुळबुळ करीत असतात. प्रत्येक चुळबुळींत थोडी ऊर्जा झिरपून जाते. हाच ऊर्जाक्षय. टँटलम ऑक्साइडमध्यें थोडा टायटॅनियमचा ऑक्साइड मिसळला तर तो घटतो असें प्रयोगांतीं आढळलें, आणि सध्यांचे लायगोचे आरसे त्या मिश्रणाचेच आहेत. परंतु तें कां घटतें? हें कळल्यावांचून पुढचें मिश्रण निवडणें म्हणजे अंधारांत चांचपडणें होय. धातु अनेक, मिसळण्याचीं प्रमाणें अनेक, तापविण्याचे अंश अनेक. सर्व मिश्रणें प्रत्यक्ष करून पाहावयाचीं तर आयुष्यें पुरावयाचीं नाहींत.

म्हणून लेपाच्या अंतरंगांत डोकावणें प्राप्त झालें. परमाणु डोळ्यांस दिसत नाहींत. सबब शास्त्रज्ञांनीं दोन साक्षीदार बोलाविले. पहिला साक्षीदार वर्णपट, आणि त्याची एक शाखा तर आपल्या देशांतच जन्मली आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं, के. एस. कृष्णन् यांच्या साहाय्यानें, असें दाखविलें, कीं एकरंगी प्रकाश पदार्थावर पडून विखुरला म्हणजे त्याच्या अत्यल्प भागाचा रंग किंचित् ढळतो. प्रकाश परमाणूंना कंपनासाठीं थोडी ऊर्जा देतो व तेवढ्या मानानें स्वतः बदलून बाहेर येतो. म्हणून ढळलेल्या रंगांची यादी म्हणजे पदार्थाच्या आंतील कंपनांची यादीच होय. माठ बोटानें वाजवावयाचा. येथें परमाणूंची मांडणी प्रकाशानें वाजवावयाची, एवढाच भेद. दर वर्षीं २८ फेब्रुवारीस शाळाशाळांतून विज्ञानदिन पाळतात, तो या शोधाच्या स्मरणार्थ.

या साक्षीचें एक उदाहरण देतों. सिलिकेंत सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे परमाणु सांखळीच्या कड्यांप्रमाणें गुंफलेले असतात. बहुतेक कड्या मोठ्या व सैल असतात; कांहीं कड्यांत मात्र तीनच सिलिकॉन परमाणु असून त्या ताणलेल्या असतात. या लहान कडीचा स्वतंत्र सूर रामनच्या वर्णपटांत ओळखूं येतो. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें आढळलें, कीं सिलिकेचा लेप तापवून निवविला असतां या लहान कड्या कमी होतात, आणि त्यांच्या जोडीनेंच लेपाचा ऊर्जाक्षयही कमी होतो. वर्णपटाच्या मदतीस क्ष-किरणही असतात: ते लेपावरून कसे विखुरतात यावरून परमाणु एकमेकांपासून किती अंतरावर आहेत याचा हिशेब निघतो.

तथापि या साक्षीदाराची एक अडचण आहे. तो सूर सांगतो, अंतरें सांगतो. परंतु चित्र काढून दाखवीत नाहीं. शेजारच्या खोलींतील भांड्यांच्या आवाजावरून स्वयंपाक चालला आहे हें कळतें, पण कोणतें भांडें कोठें ठेविलें आहे हें कळत नाहीं. येथें दुसरा साक्षीदार पुढें येतो, तो संगणक. संगणकांत एक काल्पनिक पेटी कल्पितात व तींत शेंकडों किंवा हजारों परमाणु ठेवितात. परमाणूंमधील आकर्षण-अपकर्षणाचे नियम त्यांस घालून दिलेले असतात. मग ही पेटी हजारों अंशांपर्यंत तापवून वितळवितात व निववितात. अर्थात् हें सर्व गणितांतच. प्रत्येक परमाणूवर किती जोर पडतो, त्यामुळें तो किती सरकतो, हें क्षणाच्या अतिसूक्ष्म भागाभागानें मोजीत जातात. शेवटीं पेटींत कांचेची एक प्रतिकृति तयार होते, आणि तींतील प्रत्येक परमाणूचें स्थान आपणांस ठाऊक असतें. कोणता गट दोन जागांमध्यें चुळबुळतो, हें त्या प्रतिकृतींत शोधतां येतें.

परंतु या साक्षीदारावरही एकट्यावर विश्वास ठेवतां येत नाहीं. त्याची पेटी अत्यंत लहान. शिवाय खरा लेप तासन् तास निवतो, आणि संगणकांतील कांच डोळ्याचें पातें लवण्याच्या अब्जावधीव्या हिश्श्यांत निववावी लागते. एवढ्या घाईनें निवलेली कांच खऱ्या कांचेसारखी असेलच कशावरून? म्हणून शास्त्रज्ञ दोघांस समोरासमोर उभें करितात. प्रतिकृतीवर क्ष-किरण टाकले असते तर ते कसे विखुरले असते, हें गणितानें काढतात आणि खऱ्या लेपावरील मोजमापाशीं ताडून पाहतात. जुळलें नाहीं तर प्रतिकृति सुधारावयाची. जुळलें, तरच तिच्यांत जें दिसतें तें खऱ्या लेपांतही असावें असें मानावयाचें. एक साक्षीदार पाहतो पण बोलत नाहीं, दुसरा बोलतो पण त्यानें पाहिलेलें नसतें. दोघांचें म्हणणें जुळलें म्हणजे न्यायाधीशाचें समाधान व्हावें, तसा हा प्रकार आहे.

या रीतीनें एक महत्त्वाची गोष्ट हातीं आली. टँटलम ऑक्साइडच्या लेपांत प्रत्येक धातुपरमाणूभोंवतीं ऑक्सिजनचे परमाणु बसून एक बहुपृष्ठ घन तयार होतो. हे घन शेजाऱ्याशीं दोन प्रकारें जोडले जातात: कोंपऱ्याशीं कोंपरा, किंवा कडेशीं कड. झिर्कोनियमचा ऑक्साइड मिसळलेल्या टँटलम ऑक्साइडचा क्ष-किरणांनीं व संगणकानें मिळून केलेला एक अभ्यास २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून असें दिसलें, कीं लेप तापविल्यानें या दोन प्रकारच्या जोडण्यांचें प्रमाण बदलतें, आणि त्या बदलाबरोबर ऊर्जाक्षयही बदलतो. म्हणजे लेप नादेल कीं बद्द वाजेल, हें परमाणूंच्या केवळ जातीवर नव्हे, तर त्यांनीं शेजाऱ्याचा हात कसा धरिला आहे यावरही ठरतें. मग प्रश्न असा आला, कीं ज्यांतील घन कोंपऱ्याशींच कोंपरा जोडतात असें द्रव्य कोणतें? जर्मेनियमचा ऑक्साइड हें एक होय. त्यांत टायटॅनियमचा ऑक्साइड मिसळून केलेल्या लेपाचें वृत्त २०२१ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याचा ऊर्जाक्षय सध्यांच्या लेपाहून स्पष्टपणें कमी आढळला. अंधारांत चांचपडण्याऐवजीं दिवा घेऊन शोधल्याचें हें फळ होय. अर्थात् एवढ्यानें काम संपत नाहीं. लेप शांत हवा, पारदर्शक हवा. पुष्कळ थर चढवून तापविले असतां त्यांत फोड येतां कामा नयेत, तडे जातां कामा नयेत. या साऱ्या अटी एकाच द्रव्याकडून पुऱ्या करून घ्यावयाच्या आहेत.

आमच्या कांहीं पालकांस वाटेल, कीं एवढ्या खटाटोपाचा लाभ तो काय? त्यांनीं भूमितींतील एक साधा नियम आठवावा. यंत्राची श्रवणशक्ति दुप्पट झाली तर तें दुप्पट अंतरावरील घटना ऐकेल. आणि दुप्पट त्रिज्येच्या गोलांत आठपट अवकाश मावतो. म्हणजे कुजबूज निम्मी केली, कीं ऐकूं येणाऱ्या घटना आठपटींच्या घरांत जातात. पूर्वीं वर्षांत एक घटना सांपडत असेल तर आतां आठ सांपडतील. १७ ऑगस्ट २०१७ रोजीं दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची लहर आली, आणि पाठोपाठ दुर्बिणींनीं त्या टकरीचा प्रकाशही पाहिला. अशा टकरींत जड मूलद्रव्यें घडतात याचा पुरावा त्या प्रकाशाच्या वर्णपटांत मिळाला. घरोघरच्या मंगळसूत्रांतील सोन्याच्या उगमाचा शोध अशा घटनांपाशीं जाऊन पोंचतो. त्या घटना आकाशांत नेमक्या कोठें घडल्या हें ठरविण्यास पृथ्वीवर दूरदूर अंतरांवर यंत्रें असावीं लागतात. अमेरिकेंत दोन, इटलींत एक, जपानांत एक अशीं तीं आहेत; औंढ्याचें यंत्र या मालिकेंतील उणीव भरून काढील. त्याच्या नळ्या व इमारती एकदां उभ्या राहिल्या कीं दीर्घकाळ टिकतील. आरसे मात्र अधिक शांत लेप सांपडतील तसतसे बदलतां येतील. अमेरिकेंतही त्याच नळ्यांत पूर्वींचे आरसे काढून नवे बसविले, तेव्हांच पहिली लहर ऐकूं आली. तात्पर्य, औंढ्याच्या यंत्राचे पुढचे आरसे कसे असतील, हें आज शाळेंत बसलेल्या मुलांच्या हातचें काम आहे.

हें काम केवळ परदेशच्या मोठ्या प्रयोगशाळांतच सुरू होतें असें मात्र नव्हे. साबणाच्या पाण्यांत तारेची कडी बुडवून उभी धरावी. पाणी खालीं ओघळून पापुद्रा वरून पातळ होत जातो, तसतसे रंगांचे पट्टे खालीं सरकतात, व अगदीं वरचा भाग फुटण्यापूर्वीं काळा पडतो. जाडी आणि रंग यांचें नातें यांत उघड दिसतें. जुन्या सीडीच्या तबकडीवर खोलींतील दिव्याचा उजेड तिरपा पाडून पाहावा. जुना तारेचा दिवा सलग वर्णपट देतो. नळीचा दिवा तुटक तुटक पट्टे देतो. दोन्ही उजेड डोळ्यांस पांढरेच, परंतु त्यांचे वर्णपट निराळे, कारण त्यांच्या उगमाचीं द्रव्यें निराळीं. सूर्याकडे मात्र अशा रीतीनें कदापि पाहूं नये. डोळ्यांस कायमची इजा होते. दिसलेल्या पट्ट्यांची आकृति वहींत काढावी, आणि पुढच्या वेळीं पाहण्यापूर्वींच काय दिसेल याचा अंदाज शेजारीं लिहून ठेवावा. अंदाज व दर्शन जुळलें तर आनंद आहेच. न जुळलें तर अधिक लाभ, कारण शिकण्यासारखें कांहीं तेथेंच दडलेलें असतें. संगणकाची प्रतिकृति व वर्णपटाची साक्ष हीं तरी याहून निराळें काय करितात? आपल्या कल्पनेनें काढलेलें चित्र कितीही सुंदर असलें, तरी तें वस्तूच्या साक्षीशीं ताडून पाहावयाचें, आणि वस्तूची साक्ष समजण्यासाठीं आधीं चित्र काढण्याचें धाडस करावयाचें. ज्या विद्यार्थ्याला या दोन्ही संवयी शाळेंतच जडतील, त्याला औंढ्याची वाट वीरहून फार लांबची नाहीं.